आई समक्ष होती

चार कॉफ्यांचा ट्रे घेऊन मी प्रिन्सिपलच्या खोलीत शिरले, तर भिंतीला पाठ लावून माझीच मुलगी उभी.

आठवीतली मंजू. तिचं दप्तर टेबलावर पालथं केलेलं. वह्या, कंपास, डबा. डबा उघडा, त्यात सकाळी मी दिलेलं चित्रान्न. एक पोलीस पेनाच्या टोकानं भात उकरून बघत होता. जणू शेंगदाण्यांच्या खाली मी काही पुरलंय.

खोलीत प्रिन्सिपल मॅडम, एक कोऑर्डिनेटर, गणवेशातले दोन पोलीस. चौघांना खुर्च्या, चौघांना कॉफी. मंजूचे ओठ सुकलेले. तिच्यासाठी कुणी पाणीसुद्धा सांगितलं नव्हतं. आणि सांगितल्याशिवाय आत काही न्यायचं नाही, एवढं मी अकरा वर्षांत शिकले होते.

मॅडम म्हणाल्या, "कप ठेवा. जाताना दार लावून घ्या."

मी "सरी, मॅडम" म्हणत होकाराची मान हलवली. दार लावलं. आवाज होऊ नये म्हणून हळूच.

मी त्या शाळेत आया होते. जयनगरातली मोठी इंग्रजी शाळा. आमचे पूर्वज म्हणे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडं कन्नड मुलखात आले. अप्पा मिशीला पीळ देऊन सांगायचे. तलवारीचं पुढं काय झालं ठाऊक नाही, माझ्यापर्यंत ट्रे पोचला. तलवारीबरोबर ताठ मानही गेली असावी. कारण याच अप्पांनी आम्हाला घोटून घोटून शिकवलं होतं: मोठ्या माणसानं हाक मारली की आधी "तप्पायतु, सार" म्हणायचं. चूक झाली, साहेब. कसली चूक, ते नंतर विचारायचं. "माफी मागून कुणाचं तोंड झिजत नाही," म्हणायचे. मीही मंजूला तेच शिकवलं. पाढ्यांच्या आधी.

झालं होतं असं. विज्ञानाचा पेपर आदल्या दिवशी फुटला. प्रश्नपत्रिकेचा फोटो मुलांच्या फोनवर फिरला. स्टाफरूमची किल्ली माझ्याकडं असायची, म्हणून संशय मंजूवर. मंजूकडं फोनच नाही, हे कुणाला महत्त्वाचं वाटलं नाही. ज्या तीन मुलांच्या फोनवर फोटो सापडला, त्यांच्या घरी आधी फोन गेले. एकाचे वडील वकील घेऊन आले. ती मुलं आईवडिलांच्या शेजारी खुर्चीत बसून बोलली आणि दहा मिनिटांत मोकळी झाली. त्यांनाही कॉफी मीच दिली होती.

मला फोन कशाला करायचा. मी तर दाराबाहेरच होते.

दीड तास. मी स्टुलावर बसून कशाची वाट बघत होते सांगू? रिकामे कप न्यायला कधी बोलावतात, याची.

मग बोलावलं. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला कागद. खाली मंजूची सही. सही कसली, वहीच्या कव्हरवर लिहिते तसं गोल अक्षरात नाव.

"इथं पालकाची," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे विषय संपला."

मी मंजूला विचारलं, "तू घेतलास पेपर?"

"नाही."

"मग काय बोललीस?"

"तप्पायतु म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं."

मी कोऑर्डिनेटरला म्हटलं, "सार, स्वल्प वाचून दाखवा." त्यानं कन्नडमधून सांगितलं. शेवटची ओळ अशी होती: हा जबाब मुलीनं स्वखुशीनं, आईच्या समक्ष दिला.

"मी कुठं होते समक्ष?"

पोलीस म्हणाला, "कॉफी कुणी आणली, अक्का?"

ते हसले. सवयीनं मलाही हसू आलं. ते अर्ध्यावरच राहिलं, कारण मंजू बघत होती.

पेन माझ्या हातात होतं. अप्पांचे शब्द जिभेवर. मी पेन कागदावर आडवं ठेवलं.

"मी आई म्हणून आत आले नव्हते, मॅडम. सही करणार नाही."

"उद्या कामावर यायचंय ना?"

इथं काहीतरी बाणेदार बोलले असते तर शोभलं असतं. मला सुचलं नाही. मी मंजूचा डबा बंद केला, दप्तर भरलं, तिचा हात धरला. जाताना दार उघडं ठेवलं. माझं बंड एवढंच. यापेक्षा जास्त आवाज मी भाजी घेताना करते.

काम गेलं. मंजूच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला दिला. मोफत कायदा सल्ल्याच्या केंद्रात एका वकीलबाईंनी मग सगळं समजावलं. पोलिसांनी मुलांसमोर गणवेशात यायचं नसतं. आईवडिलांना आधी कळवायचं असतं. मुलाची जबाबावर सही घ्यायचीच नसते. मी ऐकत राहिले. वाटलं, एवढं चांगलं घर बांधून ठेवलंय, आणि पत्ता तेवढा आम्हाला कुणी दिला नाही.

बाईंच्या मदतीनं तक्रारीचा अर्ज केला. सुनावणीत शाळेनं कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. त्याला आवाज नाही. एक बाई ट्रे घेऊन येते, कप ठेवते, मान हलवते, दार लावून घेते. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "तुम्ही आत होता की." मी त्या बाईकडं बघत होते. किती सहज हलते तिची मान.

आता मी होसकोट्याच्या एका कारखान्यात खोकी भरते. मंजू सरकारी शाळेत जाते. हजेरीला नाव आलं तरी दचकते. घरी मी प्रिन्सिपल बनते, खुर्चीत बसते, ती भिंतीपाशी उभी राहते. मी दरडावते. तिनं म्हणायचं असतं, "माझ्या आईला बोलवा. तोवर मी बोलणार नाही, सही करणार नाही." काल सातव्यांदा म्हणताना पुन्हा तिच्या तोंडून "तप्पायतु" निघालं. ती रडली. मी म्हटलं, "परत."

पुढची तारीख आहे. वकीलबाई म्हणतात, आशा ठेवू नका. मी ठेवलेली नाही. मी जाणार. त्या कागदावर मंजूच्या नावाखाली एक जागा कोरी आहे. तेवढी माझी आहे. ती कोरीच राहील.