दिवेवालीचं पुढचं पुस्तक

अलका नाफडे खोटं बोलते असं उभ्या सुरतेत कुणी म्हटलं नसतं. सोसायटीत दोन बायकांचं वाजलं की तिसरी म्हणायची, नाफडेबाईंना विचारा, त्या खरं तेच सांगतील. उधन्याच्या मराठी शाळेत ती सातवी-आठवीला शिकवायची, पोरांनी ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं की तिच्या कपाळावर आठी चढायची, आणि मराठी मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला द्यायची सोयच नव्हती. अशा या बाईनं दोन वर्षं एक गोष्ट पदराआड लपवून ठेवली होती. ती गोष्ट म्हणजे श्रीरंग.

त्याचं झालं असं. स्टेशनमागच्या गल्लीत रसिकभाईंचा छापखाना होता. लग्नपत्रिका, दुकानांची कॅलेंडरं, असलंच काहीबाही छापायचे. त्यांचा पुतण्या हजीऱ्याला कारखान्यात होता, आणि तिथं यंत्रं बसवायला जपानी इंजिनियर आले होते. परत जाताना एकानं आपली चित्रकथांची खोकी पुतण्याला देऊन टाकली. बशीएवढ्या डोळ्यांची माणसं, उडते किल्ले, धुराची भुतं. आणि पुस्तकं सगळी मागच्या बाजूनं उघडायची. अक्षर एक कळेना, पण रसिकभाई चित्रांवर भाळले. चित्रकार बसवून त्यांनी स्वतःची मालिका काढली, 'सातदरवाजा'. काळ्या वाऱ्यानं वेढलेलं नगर, त्याचे सात दरवाजे, आणि डोळ्यांत विजा असलेली राणी. आधी गुजराती, मग हिंदी, आणि उधना-लिंबायतला निम्मं खानदेश येऊन राहिलेलं, म्हणून मराठीही. मराठीतल्या चुका काढायला त्यांनी अलकाला बोलावलं.

चित्रकार हळू. एकेक पुस्तक निघायला तीन-तीन महिने जायचे, आणि तोवर गिऱ्हाईक दुकानदाराचं डोकं खायचं. त्या जपानी खोक्यात बिनचित्रांचीही काही पुस्तकं होती. पुतण्यानं साहेबाला विचारून ठेवलं होतं, की त्यांत चित्रकथांतल्या चित्रांच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांच्या गोष्टी आहेत. पहारेकरी, नावाडी, घोड्यांचे मोतद्दार, राजाराणीच्या धामधुमीत ज्यांना कुणी विचारत नाही अशांच्या. रसिकभाईंचं धंद्याचं डोकं! ते म्हणाले, अलकाबेन, आपणही असंच करू, चित्र निघेपर्यंत गोष्टी विकू, तुम्हीच लिहा.

तिनं आधी नाक मुरडलं. मग एक लिहिली, उत्तर दरवाजाच्या पहारेकऱ्याची, ज्याला दार उघडायचा हुकूम कधीच मिळत नाही. लिहिताना कुकरच्या शिट्ट्या मोजायचं राहिलं आणि डाळ करपली. कॉलेजात सुवर्णपदक मिळवताना जेवढा आनंद झाला नव्हता तेवढा त्या करपल्या डाळीच्या दिवशी झाला. पण पुस्तकावर नाव घालायची वेळ आली तशी ती मागे सरली. तिचे वडील अण्णा धुळ्याला कॉलेजात मराठीचे प्राध्यापक होते. निवृत्त होऊनही दर पत्रात विचारायचे, काय लिहितेस? आणि ही दर वेळी कळवायची, कविता चालू आहेत. कसल्या कविता आणि कसलं काय! बसस्टँडवर दोरीला टांगून विकतात त्या राक्षसांच्या पुस्तकावर अण्णांच्या मुलीचं नाव? तिनं रसिकभाईंना सांगितलं, श्रीरंग असं छापा. नवरा श्रीकांत बारडोलीच्या शाखेत बँकेत होता, त्याला तेवढं ठाऊक होतं. सकाळी तो हाक मारायचा, श्रीरंगराव, चहा झाला का? ती डोळे वटारायची आणि आतून खूशही व्हायची.

आता सुषमाबद्दल सांगायला हवं. सुषमा पाटील शाळेच्या मागच्या चाळीत ब्लाउज शिवायची. माहेर-सासर दोन्ही शिरपूरकडचं, नवरा योगेंद्र डाइंग मिलमध्ये. हात असा सफाईदार की अलका लांब अडाजणला राहत असूनही दुसरीकडे शिवायला टाकत नसे. आणि तोंडाला खळ नाही. माप घेताना टेप दातांत धरूनही बोलायची.

एकदा असंच बोलता बोलता तिनं आपलं पहिलं वर्ष सांगितलं. लग्न होऊन नवीन आली तेव्हा बिऱ्हाड गुजराती वस्तीत होतं; नळावर आपल्या अहिराणीत काहीतरी विचारलं, आणि सगळ्या बायका खो खो हसल्या. त्यानंतर वर्षभर तिनं घराबाहेर तोंड उघडलं नाही. वाण्याकडे नुसतं बोट दाखवायची; मीठ पाहिजे तर मिठाकडे, तेल पाहिजे तर तेलाकडे. एकदा वाण्यानं मुकी समजून पुडीत दोन बत्तासे जास्त घातले. हे सांगताना सुषमा हसत होती. "ताई, हसण्यानं माणूस मरत नाही," ती म्हणाली, "पण त्याची जीभ मरते. ती मग उठवावी लागते."

अलकानं ते वाक्य घरी नेलं. 'सातदरवाजा'च्या चित्रांत राणीच्या मागे कायम दोन हात दिसायचे आणि हातांत दिवा. चेहरा कधीच नाही. त्या हातांची गोष्ट अलकानं लिहिली: परमुलखातून आलेली बाई, जिच्या बोलीला दरबार हसला आणि जी मग बोलायचीच थांबली, ती सातही दरवाजांचे दिवे लावत फिरते, आणि काळा वारा नगरात शिरतो तेव्हा अंधारातली वाट तिलाच तेवढी ठाऊक असते. राणीला तिच्या आवाजामागून चालावं लागतं. पुस्तकाचं नाव 'दिवेवाली'. श्रीरंगच्या सगळ्या पुस्तकांत हेच उत्तम उतरलं, आणि हे अलकाला पक्कं माहीत होतं. सुषमाला मात्र तिनं यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं तर आधी श्रीरंग कोण ते सांगावं लागलं असतं.

त्या वर्षी, सुरतेत प्लेग होऊन तीन वर्षं झाली होती तेव्हा, मंडळाच्या गणपतीत बायकांसाठी 'माझं आवडतं पुस्तक' अशी बोलायची स्पर्धा ठेवली. प्रमुख पाहुणे कोण, तर खुद्द अण्णा. धुळ्याहून खास आले, धोतर नि कोट घालून पहिल्या रांगेत बसले. माइक अलकाच्या हातात. तिची छाती अभिमानानं अशी भरून आली होती की विचारू नका.

बँकेतल्या, शाळेतल्या बायका एकामागून एक आल्या आणि जाडजूड पुस्तकांबद्दल पाठ केलेलं बोलून गेल्या. शेवटी सुषमानं नाव दिलं. कुणी टोचलं होतं तिला कुणास ठाऊक; मोरपंखी साडी नेसून, केसांत अबोली माळून ती उभी राहिली आणि पदराखालून एक पातळ पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर धुराचं भूत. अलकानं लांबूनच ओळखलं, ते 'दिवेवाली' होतं.

सुषमा बोलू लागली. सुरुवात नीट केली, मग मन भरून आलं आणि भाषा घरची आली. म्हणाली की चित्राच्या पुस्तकात त्या बाईले कोणी तोंडच देलं नव्हतं, या लेखकानं देलं. "मले वाटलं, याले कसं कळनं?" मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसऱ्या रांगेत. धुराच्या भुताकडे बोटं गेली. मंडळाचे सेक्रेटरी मोठे गमत्ये. त्यांनी खुर्चीतूनच अलकाला विचारलं, की बाई, तुम्ही तर मराठीच्या, तुम्ही वाचलंय का हो हे थोर पुस्तक?

सगळा हॉल अलकाकडे पाहू लागला. अण्णाही पाहू लागले. एक शब्द पुरला असता, हो. नुसतं 'वाचलंय' म्हटलं असतं तरी सुषमा तरली असती, लेखिका मीच असं सांगायचीसुद्धा गरज नव्हती. पण चोराच्या मनात चांदणं. अलकाला वाटलं, हो म्हटलं की अण्णा विचारणार, अण्णांनी विचारलं की सगळं बाहेर येणार. तिनं माइक तोंडाशी धरला आणि हसून म्हणाली, "छे हो! असली पुस्तकं थेट रद्दीवाल्याकडे जातात, आमच्याकडे येत नाहीत."

हॉल हसण्यानं दणाणला. टाळ्यासुद्धा पडल्या. सुषमाचं वाक्य अर्धं राहिलं होतं. तिनं ते पुरं केलं नाही. पुस्तक पुन्हा पदराखाली घेतलं, "बरं ताई" एवढंच म्हणाली आणि जाऊन खाली बसली. बक्षीस समारंभ झाला, अण्णांचं भाषण झालं, आरती झाली. अलकानं आरतीत मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चहा पिताना म्हणाले की कार्यक्रम चांगला झाला, फक्त त्या शेवटच्या बाईंचं पुढचं ऐकायचं राहून गेलं. लेखकाला कसं कळलं, असा प्रश्न त्यांनी वाचकाच्या तोंडून वर्गातल्या इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. अलकानं कप विसळायला नेला आणि मोरीत नळ सोडून उभी राहिली. अरे देवा! ज्यांच्या भीतीनं तिनं त्या बाईला तोडलं, त्यांनाच ती बाई ऐकायची होती. सांगावं त्यांना, असं तिच्या फार मनात आलं. पण आता नुसतं पुस्तक सांगून भागणार नव्हतं, काल काय केलं तेही सांगावं लागणार होतं. अण्णा दुपारच्या गाडीनं गेले. ती फलाटावर हात हलवत राहिली.

त्यानंतर तिला काही गोड लागेना. रसिकभाईंचा निरोपावर निरोप, दिवेवालीचं पुढचं पुस्तक पाहिजे, गिऱ्हाईक मागतंय. ती लिहायला बसली की कानांत टाळ्या वाजायच्या. श्रीकांतनं सवयीनं श्रीरंगराव अशी हाक मारली तर एवढी खेकसली की तो बिचारा चहा न पिताच बारडोलीच्या बसला पळाला. शिवायला टाकलेला ब्लाउज शाळेतल्या शिपायाकडून आला, नेहमीसारखा बेतशीर, हातशिलाई जशीच्या तशी. रागानं एक टाका तरी वाकडा घातला असता सुषमानं, तर अलकाला बरं वाटलं असतं.

शेवटी एका शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर ती चाळीत गेली. सुषमा मशीनवर होती. उठली, पाट दिला, चहा टाकला. सगळं रीतसर, फक्त बोलणं नाही. टेप गळ्यात होता, पण तोंड बंद. सुषमानं ब्लाउजपीस मागायला पर्सकडे नुसतं बोट दाखवलं, आणि अलका त्या बोटाकडे पाहत राहिली.

तिनं सांगून टाकलं. त्या दिवशी फार वाईट वागले, म्हणाली. आणि श्रीरंग कोणी पुरुष नाही, श्रीरंग मीच, ते पुस्तक मी लिहिलं, वडिलांसमोर लाज वाटली म्हणून लपवलं. बोलताना तिचे डोळे भरून आले होते, आणि ते सोंग नव्हतं.

सुषमानं दोरा दातानं तोडला. रागावली नाही. उलट तिला अलकाची कीवच आली असावी.

"नका ताई," ती म्हणाली. "माझं मन राखायला एवढं खोटं बोलू नका. मी विसरले ते."

"खोटं नाही गं. रसिकभाईंना विचार. मीच."

"ज्यानं ते लिहिलं ना," सुषमा हळू म्हणाली, "त्याले माहीत व्हतं, हसल्यावर माणसाचं काय होतं. तुमले माहीत असतं तर तुम्ही हसल्या नसत्या."

अलकाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तूच सांगितलंस मला, हा टेप दातांत धरून. नळावरचं हसणं, वाण्याकडचं बोट, ते जिभेचं वाक्य, सगळं तुझंच आहे. एवढं म्हटलं असतं तर सुषमाला पटलं असतं, शंका राहिलीच नसती. पण पटलं असतं म्हणजे काय? या बाईला वाटत होतं की दूर कुठेतरी एक अनोळखी माणूस आहे, त्यानं न सांगता तिचं मन ओळखलं. तिला कळलं असतं की असा कुणी नाहीच. जिला विश्वासानं सांगितलं तिनंच ते उचललं, छापलं, आणि सगळं ठाऊक असून भरल्या हॉलमध्ये पुन्हा हसवलं. अलकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं ते शब्द चहाच्या घोटाबरोबर गिळले. चहाला साखर जास्त होती.

ती निघाली तशी सुषमा दारापर्यंत आली. काहीतरी मागायचं होतं तिला, पण धीर होईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. अलकानं विचारलं, काय गं?

"ताई, त्या दिवेवालीचं पुढचं पुस्तक आलं तर तुम्ही आणाल का? तुम्ही बाजारात जाता." मग मान खाली घालून म्हणाली, "दुकानात मागायची आता मले लाज वाटते. पेपरात गुंडाळून आणजा, कोणी पाहिलं नाही पाहिजे."

अलका आणीन म्हणाली. घरी आली, पर्स खुंटीला लावली, कुकर चढवला आणि टेबलाशी बसून पुढचं पुस्तक लिहायला घेतलं.