भांडकुदळ सिस्टर

बाबांची छाती तपासायला घरी येणाऱ्या सिस्टरला मी मनातल्या मनात भांडकुदळ म्हणायचे. बाई चप्पल काढते न काढते तोच बाबांची खोडी काढणार. बाबांनी जन्मभर बेकरीत पाव भाजले, पिठाची धूळ आणि भट्टीचा धूर छातीत भरून घेतला आणि आता त्यांना चार पावलं चाललं तरी धाप लागते, पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन ठेवावं लागलंय. अशा माणसाला ही विचारणार, "काका, तुमचे पाव दातांनी खायचे की हातोडीने?" बाबा भडकायचे, बोलता बोलता धापायचे, आणि माझं डोकं फिरायचं. आजारी माणसाशी गोड बोलायला काय पैसे पडतात का?

एकदा तोंडावर विचारलंच. ती त्यांच्या पाठीशी उशा रचत म्हणाली, "ताई, कसं वाटतंय विचारलं की सगळेच 'बरंय' म्हणतात. भांडायला लागले की एका दमात किती शब्द निघतात ते कळतं." मला काही ते पटलं नाही.

मग ती सकाळ आली. आधीच सांगते, बाबा आज घरी आहेत आणि माझ्यावर खेकसतही आहेत. तर मी औषधं घेऊन येत होते, सिस्टर जिन्यातच भेटली. आईने दार उघडलं ते तोंडावर बोट ठेवून. चेहरा नुसता फुललेला. "हळू. कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागलीय त्यांना. पहाटे फार धापत होते, म्हणून मशीनचा ऑक्सिजन जरा वाढवला. बघा कसे शांत झालेत."

मलाही हायसं वाटलं. सिस्टर मात्र आईला बाजूला सारून आत घुसली. "उठवू नका हो त्यांना," आई चिडून म्हणाली.

ऑक्सिजन किती सुटतोय ते दाखवणारा मशीनच्या काचेच्या नळीतला मणी दोनवर असायचा, तो पाचवर गेला होता. सिस्टरने आधी तो खाली आणला. बाबांचा चेहरा लालबुंद होता, हाताला झटके येत होते, आणि हाक मारली तर नुसतं "हं". "काकू, ही झोप नाही, गुंगी आहे. यांच्या फुप्फुसांना ऑक्सिजन जास्त झाला की वापरलेली हवा आतच साठते. ताई, ॲम्ब्युलन्स बोलवा."

मी फोन केला. आई भिंतीला टेकून उभी होती.

जागे राहिले तर श्वास नीट घेतील, म्हणून आम्ही दोघींनी बाबांना उठवून बसवलं. सिस्टर त्यांचे खांदे हलवत कानाशी ओरडली, "काका, कोपऱ्यावरचा बेकरीवाला म्हणतो तुमचा पाव आतून कच्चा असायचा!" काही नाही. मग मीही सुरू झाले. पीठ तुम्हाला कधी मळताच आलं नाही, गिऱ्हाइकं दयेपोटी यायची, तोंडाला येईल ते. सख्ख्या बापाला असं बोलताना मला रडू येत होतं, पण थांबायची हिंमत नव्हती.

बऱ्याच वेळाने बाबांचे डोळे उघडले. "गप्प… बस."

"दोन शब्द," सिस्टर म्हणाली. "अजून बोला."

"कोण… म्हणतो… कच्चा?"

माझा जीव भांड्यात पडला. सिस्टर खुर्चीत टेकली, तेव्हा कळलं की तीही इतका वेळ घाबरलेलीच होती.

खाली ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजला, आणि आई एकदम पुढे आली. "मी वाढवलं हो ते मशीन. मला वाटलं, जास्त दिलं तर लवकर बरं वाटेल. मीच मारत होते तुम्हाला."

बाबा म्हणाले, "हिचा हात पहिल्यापासून सढळ. मीठ असो… नाहीतर हवा."

मिठावरून चाळीस वर्षं त्यांना उलट उत्तरं देणारी माझी आई एवढंच म्हणाली, "हो, आहे सढळ." तिने त्यांचा हात धरला आणि ॲम्ब्युलन्सवाले सोडा म्हणाले तरी सोडला नाही.