वळणाआधी दोन खाचा

माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे पती, गेली छत्तीस वर्षं पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात. मोटर उघडण्याआधी ते तिला कान लावतात. "आवाज म्हणजे दुखणं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या हातचा पंखा चालू आहे की बंद, हे मान वर करून पाहावं लागतं, असं गिऱ्हाइकं कौतुकाने सांगतात.

त्यांच्या वडिलांना सगळे तात्या म्हणतात. चार वर्षांपूर्वी तात्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून ताट हातात देण्यापासून सदऱ्याची बटणं लावण्यापर्यंत सगळं घरचे करतात. एका गोष्टीला मात्र ते कुणाला हात लावू देत नसत. आतल्या खोलीत मोठ्या टेबलावर त्यांनी पूर्वी स्वतः मांडलेली छोटी रेल्वे आहे : वीतभर इंजिन, तीन डबे, दोन वळणं, एक स्टेशन. रोज दुपारच्या चहानंतर ते वेगाची कळ हातात घेऊन बसत आणि गाडी बरोब्बर स्टेशनात थांबवत. "या घरात माझं ऐकणारी एवढीच उरलीय," असं सुनेच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणत.

गेल्या महिन्यात इंजिनाची मोटर जळली. तशी मोटर आता कुठे मिळेना, म्हणून भावजींनी वेगळी, लहान मोटर आणली. कानशीने घासून तिला जागा केली. मोटरच्या आणि इंजिनाच्या दातेरी चाकांचे दाते एकमेकांत फार रुतू नयेत म्हणून मध्ये पातळ कागदाची पट्टी धरून स्क्रू आवळले आणि मग पट्टी ओढून काढली. तो रविवार होता, मी तिथेच होतो. पहिल्याच चाचणीत इंजिन मागे पळालं.

"मामंजींवर गेलंय," ताई म्हणाली. "पुढे म्हटलं की मागे!"

भावजींनी दोन वायरींची अदलाबदल केली. इंजिन पुढे निघालं, आणि आवाज म्हणाल तर अजिबात नाही. भावजींचा चेहरा फुलला. त्यांनी कळ तात्यांच्या हातात दिली.

तात्यांनी ती फिरवली आणि मान कलती करून वाट पाहत राहिले. "सुटली का रे?"

"केव्हाच, तात्या!"

तेवढ्यात गाडी भरधाव वळणावर आली आणि इंजिन रूळ सोडून खालच्या सतरंजीवर पडलं. मोडलं काही नाही. पण तात्यांनी कळ टेबलावर ठेवली.

"मोटर झकास बसवलीस. आता इंजिन कपाटात ठेवून दे."

"अहो, पुन्हा एकदा बघा तरी..." भावजी म्हणाले.

"बघू कशाने?" म्हणून ते भिंत चाचपत बाहेर गेले.

जुनी मोटर घरघरायची. वळण आलं की तिचा सूर उतरायचा, त्यावरून तात्यांना गाडी कळायची. भावजी दोनदा तेलाची बाटली घेऊन ती घरघर घालवायला गेले होते, दोन्ही वेळा तात्यांनी त्यांना हाकलून लावलं होतं. का, ते आम्हाला आता कळलं.

"मग बिघडवा ना थोडी," ताई म्हणाली. "जन्मभर दुरुस्त्या केल्यात. एवढं जमेल की."

"मोटरला त्रास दिला तर ती पुन्हा जळेल." भावजी बराच वेळ रुळांकडे पाहत बसले. मग त्यांनी तिकोनी कानस उचलली. दोन्ही वळणांच्या अलीकडे रुळावर दोन-दोन बारीक खाचा पाडल्या, स्टेशनाच्या अलीकडे तीन. प्रत्येक खाचेला तोंड असं कडू करत होते, जणू स्वतःचाच दात घासला जातोय.

तात्यांना ताईने हाताला धरून आणलं. ते कुरकुरतच बसले. गाडी सुटली. टक-टक. तात्यांचा अंगठा थबकला, कळ मागे आली आणि गाडीने वळण सावकाश घेतलं. पुन्हा टक-टक, दुसरं वळण. मग टक-टक-टक. गाडी थांबली.

तात्यांनी हात लांबवून फलाट चाचपला. इंजिन दोन बोटं पुढे गेलं होतं.

"खाचा उशिरा पाडल्यास."

"तात्या, रूळ आहे तो. कितीदा घासू?"

"राहू दे, मीच हात आवरतो." तात्यांनी कळ पुन्हा हातात घट्ट धरली. "आणि तू सरक जरा तिकडे. उजेड अडवतोयस."

भावजी खरोखरच बाजूला सरकले.