मधल्या घराची कमाई

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. पोलिस खात्यातून निवृत्त व्हायला वर्षभर उरलं होतं. चामोर्शी तालुक्यातल्या एका तळ्याकाठच्या गावात घरोघरच्या कमाईची पाहणी झाली होती. दर काही वर्षांनी त्याच गावात जायचं, सगळी कुटुंबं कमाईप्रमाणे चढत्या ओळीत लावायची आणि बरोबर मधल्या कुटुंबाची कमाई पाहायची, अशी ती पद्धत. गावात एखादा राइस मिलवाला गब्बर असला, तरी त्याच्यामुळे सगळं गाव श्रीमंत दिसू नये म्हणून ही युक्ती.

या खेपेला मधलं कुटुंब एकदम मालदार निघालं. धान तेवढंच पिकत होतं, तळ्यातले मासेही तेवढेच होते. पाहणीच्या अधिकाऱ्यांनी ठाण्यात लेखी फिर्याद दिली की घरोघरचे फॉर्म भरायला नेमलेल्या कंत्राटी बाईनं घरी बसून खोटे फॉर्म भरले आणि अंगठेही खोटे उमटवले. त्यातच आमच्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, ते बाई गावात चारच दिवस दिसली. चार दिवसात येवढं गाव पुरं होते का?"

मला एवढं पुरे झालं. गुन्हा नोंदवला. नोटीस देऊन बाईला बोलावता आलं असतं, पण तेवढा धीर माझ्यात कुठला? भर दुपारी महिला शिपायाला घेऊन तालुक्याच्या गावी तिच्या गल्लीत जीप उभी केली आणि शेजारपाजाऱ्यांसमोर तिला गाडीत बसवलं. बाई तिशीची. नवरा मासेमारीच्या ठेक्यावर मजुरीला, घरात सासू. या कामावर तिचं घर चालत होतं आणि गुन्हा सिद्ध झाला असता तर तुरुंग ठरलेला होता.

ठाण्यात मागच्या पाहणीचे फॉर्म तिच्यापुढे टाकले. गठ्ठा जाड होता. तिचा त्याच्या निम्माही नव्हता.

"बाकीची कुटुंबं कुठे गेली?"

"साहेब, मी दारोदार फिरली. एक बी घर सोडलं नाई. मले नंबर देल्ले होते, त्या नंबरानं..."

"विचारलं तेवढंच सांगा!" मी टेबलावर हात आपटला. जबाबात तिचं ते अर्धं वाक्य मी लिहूनच घेतलं नाही. संध्याकाळी तिला घरी सोडलं, कामाची पिशवी मात्र ठाण्यात ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी अंगठे पडताळायला मी दोन्ही गठ्ठे घेऊन गावात गेलो. खोटेपणा पंचांसमोर उघडा पाडायचाच, असा निश्चय होता. पहिल्याच घरचा अंगठा खरा निघाला. दुसऱ्याचा खरा. तिसऱ्याचाही. माझा पारा चढत चालला. चौथ्या अंगणात एक म्हातारी जाळं दुरुस्त करत बसली होती. फॉर्मवर त्या घरात बारा माणसं होती.

"आजी, घरात किती माणसं?"

"कोणाच्या चुलीचे सांगू?" म्हातारीनं मान वर केली. "मोठा पोरगा तिकडं रांधते, लहाना मांगं. मी अन् बुढा इथी."

मी उठून घर फिरलो. छप्पर एकच, दारावर घर क्रमांकही एकच, चुली मात्र तीन. लग्न झालेल्या मुलाला त्याच अंगणात वेगळी चूल मांडून द्यायची, ही तिथली रीत. मागचा गठ्ठा उघडला, तर त्यात या घराचे तीन फॉर्म होते; मागच्या वेळच्या माणसानं चुलीगणिक फॉर्म भरला होता. या वेळी वरून घर क्रमांकांची यादी आली आणि बाईनं इमानेइतबारे क्रमांकाला एक फॉर्म भरला. तिघांची कमाई एकाच नावावर पडली, गठ्ठा निम्म्याहून कमी झाला आणि मधलं कुटुंब कागदावर श्रीमंत झालं. फॉर्मच कमी, मग चार दिवसांत काम उरकणारच.

ठाण्यात परतून बाईच्या पिशवीतली यादी मागवली. घर क्रमांकाला एकच फॉर्म भरावा, असं वरच छापलेलं होतं. आदल्या दिवशी ती हेच सांगत होती.

फिर्याद गैरसमजातून झाल्याचा अहवाल, म्हणजे 'क' समरी, मी न्यायालयात पाठवला. कोर्टानं तो मंजूर केल्यावर त्याची प्रत बाईला दिली. तिनं ती वाचली, नीट घडी केली आणि म्हणाली, "साहेब, गाडीत बसवलं तवा सारी गल्ली पाहून राह्यली होती. हा कागद तं मी एकटीच पाहून राह्यली."

लाज वाटली, हे सरळच सांगतो. तीस वर्षांच्या नोकरीत गुन्हेगार ओळखण्याची नजर आपल्याकडे आहे असा माझा तोरा होता. त्या नजरेनं एका प्रामाणिक बाईला आरोपी केलं, कारण कान बंद होते. नव्या अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगतो: माणसाचं वाक्य पुरं होऊ द्या, मग काय आपटायचं ते आपटा.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, दुपारीच, मी गणवेशात तिच्या गल्लीत गेलो. लोकांना गोळा केलं आणि अहवाल मोठ्यानं वाचून दाखवला. "या बाईंची चूक नव्हती, माझी होती," हेही सांगितलं. लोक पांगले. पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय त्या गल्लीत कोणी जाऊ देत नाही. बाईची सासू दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि दार लोटून घेतलं.