दारातला विस्तव

कियिंबाच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच काम होतं: राजवाड्याच्या दारातला विस्तव जागता ठेवायचा. राजा जिवंत तोवर तो विझत नाही. विझला की समजायचं, राजा गेला. पूर्वी मग राखणदारालाही त्याच जागी गळा दाबून मारत. इंग्रजांनी ते बंद केलं, पण कियिंबाच्या आईला लेक विस्तवापाशी बसलेला कधी बघवला नाही.

इंग्रज गेले आणि राजाच देशाचा राष्ट्रपती झाला. राजवाड्याची सगळी टेकडी नाचली. कियिंबाची बायको नालुंगा मात्र केळी सोलत म्हणाली, "राजाला खुर्ची कशाला हवी होती? खुर्चीवरून माणसाला उतरवता येतं."

"तुझ्या जिभेला हाड नाही!" कियिंबा ओरडला.

पण बाई खरं बोलली होती. राष्ट्रपती आणि पंतप्रधान, एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? आधी राजाची खुर्ची गेली, मग एका पहाटे राजवाड्यावर पंतप्रधानाची फौजच आली. राजा मागच्या भिंतीवरून केळीच्या बागेत उतरला, ते कियिंबानं पाहिलं. तेवढ्यात सैनिक दार फोडून आत घुसले. वाट दाखवायला नालुंगाचाच भाऊ, लुत्वामा.

"काय दाजी, विस्तव फुललाय की! म्हणजे मालक ठणठणीत," तो हसला आणि फौजेच्या साहेबाकडे वळला. "साहेब, राजा जिवंत आहे. शोधा!"

ते आत पळाले. कियिंबानं पाण्याचा घडा उचलला आणि विस्तवावर ओतला.

लुत्वामा परतला तो ओली राख पाहून मटकन खालीच बसला. "साहेब, संपलं. गेला आमचा राजा," म्हणत तो ढसाढसा रडू लागला. सैनिकांनी पेटवलेला वाडा आत जळत होता, प्रेतं ओळखू येत नव्हती. साहेबानं शोध थांबवला.

पुढे राजा परदेशात सुखरूप असल्याचं कळलं. लोक लाकडं घेऊन आले. "पेटव रे!" कियिंबानं नकारार्थी मान हलवली. एकदा विझलेला विस्तव त्याच राजासाठी पेटवत नाहीत. हे पाप तो एकटाच उराशी धरून बसला. राजा परत आलाच नाही, तिकडेच वारला.

बातमी आली तसा लुत्वामा धावत आला. "दाजी, आजवर विचारायची हिंमत झाली नाही. राजा आत्ता गेला, मग त्या दिवशी विस्तव विझला कसा?"

"मी विझवला."

"म्हणजे तुम्ही वाचवलंत त्यांना!"

"जिवंतपणी मारलं मी त्यांना. म्हणून परत आले नाहीत." कियिंबानं गळ्याशी बांधलेलं वस्त्र सोडलं. "आता रीत पुरी कर. विस्तव साहेबाला तूच दाखवलास, तेव्हा हातही तुझेच हवेत."

लुत्वामा मागे सरकला. कियिंबा थंड राखेपाशी उघडी मान पुढे करून तसाच बसून राहिला.