भूल देणारं माणूस

सई, ओम, आजोबा शांतपणे गेले, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. आता सईला एमबीबीएसनंतर स्वतःची शाखा निवडायची आहे, म्हणून ही तुमची आजी लिहिते. आतड्याला पीळ पडलेला, दुखणं दोन दिवस अंगावर काढलेलं. हिंगोलीत सर्जन तयार होते, पण तिथले भूलतज्ज्ञ बाहेरगावी गेलेले; दुसरे नांदेडहून निघाले होते. आजोबा स्ट्रेचरवर वाट बघत राहिले... आणि मग ऑपरेशनची गरजच उरली नाही.

सेनगावात त्यांनी आयुष्यभर दवाखाना चालवला. आसपासचं कुणाचंही लेकरू एमबीबीएस झालं, की पुढे काय करावं हे विचारायला आमच्या ओसरीवर यायचं. त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. नरसीचे बांगडीवाले रशीदभाई लेकीला, नफिसाला, घेऊन आले ते कुरकुरतच. "डॉक्टरसाब, तुमीच समजवा. पोरगी भूलशास्त्रच घेते म्हणून राहिली."

भूल घेणं हीच मोठी भूल, अशी कोटी आजोबांनी केली. ती त्यांची नेहमीचीच. मग म्हणाले, "बेटा, ऑपरेशन झालं की लोक सर्जनच्या पाया पडतेत. भूल देणाऱ्याचं नाव पाटीवरबी नसतंय. बायांची डॉक्टर हो."

"पण अंकल, पेशंटला परत उठवतं कोण?"

"उठल्यावर तो तुझं नाव इचारतो का?"

सगळे हसले. मीही हसले. पसंतीक्रमाचा फॉर्म मीच भरून दिला. माझं इंग्रजी चांगलं, काम टापटीप. स्त्रीरोग सगळ्यात वर, भूलशास्त्र सगळ्यात खाली. नफिसाने खाली सही केली. अशी आणखी किती मुलं आम्ही वळवली, कोण जाणे.

आजोबा स्ट्रेचरवर होते त्या दिवशी, कळताच नफिसा धावत आली. हिंगोलीत आता तिचा दवाखाना आहे, पाटीही मोठी आहे. ती आजोबांचं मनगट धरून उभी राहिली.

"भूल देणारे कुठवर आले?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्या वाटेवर, वारंगा फाट्यापर्यंत, अंकल."

बऱ्याच वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा वारंगा फाटाच सांगितला. त्या फॉर्मबद्दल एक शब्द बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सई, आजोबा असते तर तुला काय म्हणाले असते, असं तू विचारलंस. मला ते तोंडपाठ आहे. सांगणार नाही.