फसफसणारी फरशी

नव्वदीच्या दशकात नाशकात सिडकोतल्या आमच्या कॉलनीत एक ॲसिडवाला सायकलवरून यायचा. त्याचं नाव कुणी कधी विचारलं नाही. बाटलीचं बूच काढलं की पांढरट धूर निघायचा आणि तो स्वतः चटकन तोंड फिरवायचा. मग आमच्या शहाबादी फरशीवर चार थेंब टाकायचा. फरशी फसफसली की म्हणायचा, "बघा वहिनी, घाण कशी उकळती!"

ही फरशी चुनखडीची असते, उकळतो तो दगडच, असं मी घरात सांगितलं. बायको म्हणाली, "तुम्हाला कधी फरशी पुसताना पाहिलं नाही." मुद्दा बिनतोड होता.

वर्षभरात फरशीला खड्डे पडले. खड्ड्यांत मळ बसू लागला, म्हणून ॲसिड दुप्पट लागू लागलं. प्रगती म्हणतात ती हीच.

शेवटी मी त्याला विचारलं, "तुमच्या घरी हेच वापरता का?"

"नाय साहेब, आमच्याकडं मातीची जमीन हाय. शेणानं सारवतो."

"आणि उद्या फरशी बसवली तर?"

बूच घट्ट लावत तो म्हणाला, "मग मंडळीला सांगीन, दारावर आलेल्याकडनं काय बी घेऊ नको."

बायको खळखळून हसली आणि तिनं दोन बाटल्या घेतल्या. इतकं खरं बोलणारा माणूस हल्ली मिळत नाही, म्हणाली.